अर्धा महाराष्ट्र शहरांत: एका मिनिटाच्या फिल्ममधून मोशन ग्राफिक्स शिकताना

कराडमधल्या एका डीटीपी ऑपरेटरने मोशन ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर हलणारी अक्षरं, आलेख आणि चित्रं, शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या हाताशी बऱ्याच वर्षांचं काम होतं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. कोरलड्रॉवर हात बसलेला, रंगांची आणि अक्षरांच्या जाड-बारीकपणाची जाण पक्की. सवय नव्हती ती वेळेची. फ्लेक्सवरचं अक्षर एकदा बसलं की बसलं. पडद्यावर ते कधी येणार, किती थांबणार आणि कसं जाणार हेही ठरवावं लागतं.

मी हा विषय शिकवते आणि सुरुवातीला टेम्प्लेट वापरू देत नाही. टेम्प्लेटमध्ये हालचाल आधीच ठरलेली असते, शिकणारा फक्त शब्द बदलतो. त्याऐवजी एकच छोटी पण खरी फिल्म घ्यायची, तिच्यात मजकूर, आलेख आणि व्हेक्टर (रेषा आणि आकारांनी बनलेलं) चित्र तिन्ही हवीत, आणि ती कुणाला तरी खरोखर हवी असली पाहिजे. या गृहस्थांना तसं काम मिळालं. गावातल्या स्पर्धा परीक्षांच्या एका वर्गाला १ मे निमित्त एका मिनिटाची फिल्म हवी होती. विषय होता १९६१ ते २०११ या काळात महाराष्ट्रातली किती माणसं शहरांत राहू लागली. आकडे जनगणनेचे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या १५०० होतात. सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स. चित्रं मात्र त्यांनी कोरलमध्येच काढायची आणि इलस्ट्रेटरची एआय फाइल करून आत आणायची असं ठरलं, कारण एका वेळी दोन नवी साधनं शिकण्यात दम निघून जातो.

शीर्षक त्यांनीच सुचवलं: ‘अर्धा महाराष्ट्र शहरात?’ पहिला अडथळाही याच शीर्षकाने आणला.

अक्षर म्हणजे नेमकं किती?

पहिली अडचण फाँटची होती, ती लवकर सुटली. त्यांचं सगळं जुनं काम श्रीलिपीतलं, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमधलं. तो मजकूर युनिकोड फाँटमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यामुळे शीर्षक युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं. फाँट घेतला टिरो देवनागरी मराठी, कारण त्यात ‘श’ आणि ‘ल’ आपल्या वळणाचे आहेत. आकड्यांसाठी मुक्ता. दोन्ही मोफत मिळतात.

मग त्यांनी इंग्रजी शिकवण्यांमध्ये दाखवतात तसं केलं. टेक्स्ट लेयरला अॅनिमेटर लावला, मजकुराचा कोणता तुकडा हलणार हे ठरवणारा रेंज सिलेक्टर ‘कॅरॅक्टर्स’वर ठेवला, म्हणजे एकेक अक्षर खालून वर येईल. रोमन लिपीत हे विनातक्रार चालतं. इथे ‘अर्धा’ मधला रफार आधी आला, काना मागून आला, ‘ष्ट्र’ फुटला आणि सगळ्या शब्दांवरची शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत वर-खाली नाचली.

“मॅडम, फाँट खराब आहे का?”

फाँट ठीक होता. ‘अर्धा महाराष्ट्र शहरात’ हे वाचणाऱ्याला दहा अक्षरांचं शीर्षक आहे: अ, र्धा, म, हा, रा, ष्ट्र, श, ह, रा, त. संगणकाच्या साठवणीत मात्र मोकळ्या जागा सोडून वीस खुणा आहेत, कारण काना वेगळा, हलन्ताची खूण वेगळी. एकट्या ‘ष्ट्र’ मध्ये पाच. शिवाय क्रमही डोळ्याला दिसतो तसा नसतो. ‘र्धा’ मधला र साठवणीत पहिला आणि पडद्यावर शेवटी, कान्याच्या डोक्यावर. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: साठवणीत व्यंजनानंतर, पडद्यावर आधी.

प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं मजकूर-इंजिन निवडल्यावर जोडाक्षरं नीट जुळली. तरी शिरोरेषेचा प्रश्न राहिलाच, आणि तो कोणतंही इंजिन सोडवू शकत नाही. शेजारची दोन अक्षरं वेगवेगळ्या वेळी हलली की त्यांना जोडणारी रेघ तुटणारच. देवनागरीत शब्द एका रेषेखाली बांधलेला असतो, आणि हालचाल आखताना ही बांधणी विसरून चालत नाही.

सोपा उपाय म्हणजे सिलेक्टर ‘वर्ड्स’वर ठेवून शब्द अखंड हलवायचे. फिल्ममधल्या बाकी सगळ्या ओळींसाठी तेच केलं आणि ते उत्तम दिसलं. शीर्षकासाठी मात्र त्यांना जास्त काहीतरी हवं होतं, आणि इथे त्यांचा डीटीपीचा हात कामी आला. कोरलमध्ये शब्द कर्व्हमध्ये (टाइप करून न बदलणाऱ्या नुसत्या आकारांत) बदलले, शिरोरेषा कापून वेगळी केली, उरलेल्या आकारांचे अक्षरागणिक दहा गट केले.

आता रेघ आधी की अक्षरं आधी? त्यांनी पहिल्यांदा रेघ आधी ओढली आणि अक्षरं तिच्याखाली उतरवली. दिसायला छान होतं, पण वाचताना डोळा रेघेमागे उजवीकडे पळायचा आणि अक्षरांसाठी परत मागे यायचा. मग क्रम उलटा केला, आपण वहीत लिहितो तसा: आधी अक्षरं, मग वरून रेघ. प्रत्येक अक्षराला वर यायला दहा फ्रेम, पुढचं अक्षर दोन फ्रेमनंतर निघणार. दहावं अक्षर २८व्या फ्रेमला जागेवर बसतं. २४व्या फ्रेमला रेघ सुरू होते आणि रेघ कुठपर्यंत दिसेल हे ठरवणाऱ्या ट्रिम पाथ्सच्या ‘एंड’ला शून्यापासून शंभरपर्यंत नेत बारा फ्रेमांत पुरी होते. शब्द पूर्ण झाल्याची जाणीव त्या रेघेने येते.

रेघ ओढताना एक गफलत झाली होती, ती सांगण्यासारखी आहे. त्यांनी ‘अर्धा’वरून सरळ एक अखंड रेघ नेली. पडद्यावर ‘अर्घा’ दिसू लागलं. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते, आणि त्या फटीवरच ध आणि घ, भ आणि म यांतला फरक उभा आहे. म्हणून ‘अर्धा’ची शिरोरेषा दोन तुकड्यांत केली आणि मधली फट सोडली. मराठी मजकूर हलवणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांत तेल घालून तपासावं. मोठमोठ्या जाहिरातींत ही फट बुजलेली पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

ईझिंगबद्दल, म्हणजे हालचालीचा वेग कसा वाढतो-कमी होतो याबद्दल, थोडक्यात. सुरुवातीला त्यांनी सगळ्या की-फ्रेम (हालचालीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणा) निवडून एफ ९ दाबलं होतं, त्यामुळे प्रत्येक वस्तू हळू निघायची आणि हळू थांबायची, सगळी फिल्म पेंगल्यासारखी. आत येणाऱ्या वस्तूला वेगाने येऊन हळू थांबू द्यावं, जाणाऱ्या वस्तूला हळू निघून वेगाने जाऊ द्यावं. हे ग्राफ एडिटर उघडून वक्र स्वतःच्या हाताने ओढल्याशिवाय अंगी लागत नाही. आणि मजकूर किती वेळ थांबवायचा? स्थिर झाल्यावर तो सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईल इतका. तयार करणाऱ्याला मजकूर पाठ झालेला असतो, त्यामुळे त्याला तो वेळ नेहमी जास्त वाटतो.

उसळी मारणारा आलेख

आलेखाचा पहिला मसुदा दिसायला आकर्षक होता. शहरी लोकसंख्येची टक्केवारी दाखवणारी रेषा: १९६१ ला २८.२, १९७१ ला ३१.२, १९८१ ला ३५.०, १९९१ ला ३८.७, २००१ ला ४२.४ आणि २०११ ला ४५.२. उभा अक्ष २५ पासून ५० पर्यंत. रेषा डोंगर चढल्यासारखी वर जायची आणि शेवटी उसळी मारून जागेवर यायची. ती उसळी एका एक्स्प्रेशनने (सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या सूत्राने) दिली होती, जी बटणं आणि लोगोंसाठी सर्रास वापरतात.

मी फिल्म उसळीच्या टोकाच्या फ्रेमवर थांबवली. रेषेचं टोक ५० च्या आडव्या रेघेला टेकलेलं होतं. म्हणजे काही फ्रेमपुरता का होईना, आलेख सांगत होता की २०११ मध्ये निम्मा महाराष्ट्र शहरी झाला. व्हॉट्सअॅपवर फिल्म पाहणारा स्क्रीनशॉट कोणत्या फ्रेमवर काढेल हे आपल्या हातात नाही. लोगो उसळला तर कुणाचं नुकसान होत नाही. आकड्याला बांधलेली वस्तू मात्र आपल्या किमतीच्या वर एक फ्रेमही जाता कामा नये. ही अट मी आलेखाच्या कामात कधीच सैल करत नाही.

मोठा प्रश्न पुढे होता. टक्केवारीची रेषा एकटीच दाखवली की बघणाऱ्याच्या मनात आपोआप चित्र तयार होतं: गावं ओस पडली, शहरं भरली. मी त्यांना माणसांचे मूळ आकडे काढायला सांगितले. १९६१ मध्ये राज्याची लोकसंख्या ३.९६ कोटी होती, त्यातले २.८४ कोटी ग्रामीण आणि १.१२ कोटी शहरी. २०११ मध्ये एकूण ११.२४ कोटी, ग्रामीण ६.१६ कोटी आणि शहरी ५.०८ कोटी. शहरी लोकसंख्या साडेचार पटीने वाढली हे खरं. पण त्याच काळात ग्रामीण लोकसंख्याही दुपटीहून अधिक झाली.

“म्हणजे गावं रिकामी झालीच नाहीत?” त्यांनी विचारलं. एखाददुसरं गाव झालं असेल, पण राज्याच्या बेरजेत तसं दिसत नाही.

मग रेषा काढून उभे स्तंभ घेतले, प्रत्येक जनगणनेला एक, असे सहा. खालचा भाग ग्रामीण, वरचा शहरी. अक्ष शून्यापासून. एका कोटीला ६० पिक्सेल उंची ठरवली, म्हणजे १९६१ चा स्तंभ सुमारे २३८ पिक्सेल आणि २०११ चा ६७४. पूर्ण एचडीच्या १०८० पिक्सेल उंचीत वर शीर्षकाला आणि खाली सालांना जागा उरते. स्तंभ स्केलने वाढवायचा असेल तर अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती वस्तू वाढते किंवा फिरते) पायाशी हवा, नाहीतर तो मधूनच दोन्ही बाजूंना फुगतो. गोल केलेले कोपरेही स्केलने ताणले जातात, म्हणून शेवटी आयताचा ‘साइझ’ हलवला.

वेळेचं एक काम मला फार आवडलं, आणि ते त्यांचंच. सगळे स्तंभ सारख्याच वेळात उभे राहिले तर उंच स्तंभ जास्त वेगाने वाढतो. त्यांनी वेळही आकड्याला बांधला: एका कोटीला तीन फ्रेम. १९६१ चा स्तंभ सुमारे बारा फ्रेमांत उभा राहतो, २०११ चा जवळपास चौतीस फ्रेम घेतो. शेवटचा स्तंभ वाढतच राहतो आणि बघणाऱ्याला वाढीचा आकार थांबण्याच्या अवधीतूनही कळतो. सहाही स्तंभ मिळून पाच सेकंदांच्या थोडं वर.

शेजारी टक्केवारीचा आकडा २८.२ वरून ४५.२ पर्यंत चढत जायला हवा होता, आणि तो मराठी अंकांत. स्लायडरला (बदलत्या आकड्याच्या नियंत्रणाला) मजकूर जोडला की आकडे इंग्रजी येतात. इथे छोटंसं एक्स्प्रेशन लिहावं लागतं. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६, बाकीचे अंक दोन्हीकडे ओळीने. म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवायचे आणि दशांशाच्या टिंबाला हात लावायचा नाही. एवढं झालं तरी आकडा थरथरत होता, कारण आमच्या मांडणीत १ कमी जागा घेत होता आणि ४ जास्त. ओळ मधोमध जुळवलेली असल्यामुळे प्रत्येक बदलाला सगळी ओळ सरकायची. प्रत्येक अंकाला स्वतःचा ठरलेला चौकोन दिला, तेव्हा थरथर गेली.

वर्गाच्या सरांना आलेख “आजपर्यंत” आणून हवा होता. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. अंदाजाचा सातवा स्तंभ तुटक रेघांनी काढता आला असता. पण हलणाऱ्या चित्रात तुटक आणि अखंड यांतला फरक लक्षात राहत नाही, सगळं झालेलंच वाटतं. आलेख २०११ ला थांबवला आणि खाली तसं लिहिलं.

लाल परी आणि हिशेब

चित्राच्या भागासाठी त्यांनी एसटीची बस काढली होती, फारच देखणी. लाल रंगाची नेमकी छटा, खिडक्यांचे गज, टपावरचा सामानाचा कठडा. पण कागदासाठी काढलेलं व्हेक्टर चित्र आणि हलवण्यासाठी काढलेलं व्हेक्टर चित्र यांत फरक असतो. बसचं धूड, चाकं आणि सावली एकाच लेयरवर होती. चाकाच्या मागची बाजू काढलेलीच नव्हती, कारण ती कधी दिसणार नव्हती. हलणाऱ्या चित्रात जे जे स्वतंत्र फिरणार, ते ते स्वतंत्र लेयरवर हवं आणि त्याच्या मागे काय आहे तेही काढलेलं हवं. लेयर वेगळे करून, चाकं धुडाला पॅरेंट करून (धुडाबरोबर हलतील अशी जोडून) बस आत आणली. चाक फिरवल्याबरोबर ते पडद्याभोवती घिरट्या घालू लागलं. अँकर पॉइंट कॉम्पोझिशनच्या (सगळ्या चौकटीच्या) मध्यावर होता, तो चाकाच्या आसावर आणला.

मग चाकं फिरली, बस पुढे गेली, तरी बस घसरते आहे असं वाटत राहिलं. चाक किती फिरायचं हे त्यांनी नजरेने ठरवलं होतं. हा हिशेब शाळेतला आहे. चाकाची त्रिज्या ४० पिक्सेल, म्हणजे परीघ सुमारे २५१. बस १००० पिक्सेल जाणार असेल तर चाकाचे जवळजवळ चार फेरे व्हायला हवेत. बसच्या आडव्या स्थानाला परीघाने भागून ३६० ने गुणणारं एक्स्प्रेशन चाकाच्या रोटेशनला लावलं. त्यानंतर बस कशीही चालवा, ब्रेक मारा, मागे घ्या, चाक तिच्याबरोबर बरोब्बर फिरतं.

हालचाल हिशेबाने चालवायची ही कल्पना आजच्या सॉफ्टवेअरहून जुनी आहे. अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्रापासून आकृत्या फिरवणारं यंत्र उभं केलं आणि १९६० साली ‘मोशन ग्राफिक्स’ याच नावाची कंपनी काढली. आपलं राज्य झालं तेच साल. फिल्मचा विषय जवळपास तिथूनच सुरू होत असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्याला हा योग फार भावला.

खरी गाठ पुढे पडली. मूळ कथाफलकात बस गावात थांबते, माणसं चढतात, बस निघते आणि गावातली घरं एकेक करून विरून जातात. शहरात तितकेच मजले चढतात. दृश्य परिणामकारक होतं. पण आलेखात गावाचा भाग दुप्पट होतो आणि चित्रात गाव पुसलं जातं, हे एकाच फिल्ममध्ये बसत नाही. बघणाऱ्याला आलेखातला आकडा आठवणार नाही, विरणारं घर आठवेल. चित्राची ताकद आकड्याहून जास्त असते, म्हणून त्याच्यावर बंधनही जास्त हवं.

त्यांना ते दृश्य सोडवेना. मी जनगणनेची व्याख्या पुढे ठेवली. नगरपालिका किंवा महानगरपालिका असलेली ठिकाणं शहरी असतातच. त्याखेरीज किमान ५००० लोकवस्ती, पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की ते ठिकाणही शहरी धरतात. म्हणजे शहरी लोकसंख्या तीन वाटांनी वाढते: माणसं बसमध्ये बसून शहरात जातात, शहरात मुलं जन्मतात, आणि काही गावं जागच्या जागी शहर होतात. तिसऱ्या वाटेत कुणी हललेलंच नसतं.

यावरून नवं दृश्य उभं राहिलं. बस जाते, पण गावातली घरंही वाढतात. रस्त्याकडेचं एक कौलारू घर जागेवरच स्लॅबचं होतं, त्याच्या खाली दुकानाचं शटर येतं. यासाठी पाथ मॉर्फ करावा लागला, म्हणजे एक बाह्यरेषा हळूहळू दुसरीत बदलावी लागली. कौलारू घराच्या बाह्यरेषेला पाच बिंदू होते, स्लॅबच्या घराला चार. बिंदूंची संख्या जुळत नसेल तर रेषा मधल्या फ्रेमांत पिळवटते. स्लॅबच्या वरच्या सरळ रेघेवर मधोमध पाचवा बिंदू टाकला आणि दोन्ही आकारांचा पहिला बिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. मग छपराचं टोक सरळ खाली येऊन रेघेत मिसळलं. बारा फ्रेमांचा बदल, आणि सगळ्या फिल्ममध्ये तो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे हालचाल एक न बोललेली गोष्ट सांगते.

शेवटची दुरुस्ती आणि पुढचं काम

फिल्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी वर्गाच्या सरांचा फोन आला. ‘शहरात’ नको, अनेक शहरं आहेत, ‘शहरांत’ हवं. दुरुस्ती रास्त होती. पण शीर्षक केव्हाच कर्व्हमध्ये बदललेलं, टाइप करून बदलता येईना. कोरलमध्ये अनुस्वार काढून ‘रा’च्या गटात घातला, फाइल ताजी केली, पुन्हा रेंडर करून व्हिडिओ काढला. तेव्हापासून कर्व्ह केलेल्या प्रत्येक शीर्षकाखाली ते जिवंत टेक्स्ट लेयर बंद करून ठेवतात आणि कर्व्ह करण्याआधी मजकुरावर ग्राहकाची सही घेतात. पत्रिकेच्या प्रूफवर घेतात तशीच.

आता त्यांना जिल्हावार फिल्म करायची आहे. पहिला विचार नकाशाचा होता: जिल्ह्यांचे पाथ शहरीकरणानुसार गडद होत जातील. पण २०११ मध्ये गडचिरोलीत शहरी लोकसंख्या ११ टक्के, जिल्हा १४,४०० चौरस किलोमीटरचा, माणसं पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबईचे दोन्ही जिल्हे पूर्ण शहरी, माणसं सव्वा कोटीच्या जवळ, आणि नकाशावर जागा जेमतेम ६०० चौरस किलोमीटरची. नकाशा रंगवला तर डोळा रिकाम्या जागेकडे जातो आणि सव्वा कोटी माणसं एका ठिपक्यात दडतात. म्हणून ते सध्या एका लाखाला एक ठिपका अशी मांडणी करून पाहताहेत. सगळ्या राज्याचे ११२४ ठिपके, त्यांतले मुंबईचे १२४ आणि गडचिरोलीचे ११. एवढे ठिपके हाताने हलवणं शक्य नाही, त्यामुळे प्रत्येकाची जागा आकड्यांच्या फाइलमधून वाचून घेणारं एक्स्प्रेशन लिहायला ते बसले आहेत, आणि चाकाच्या हिशेबापेक्षा हे बरंच अवघड जातंय.